हवामान बदलावर काम करायचंय, पण नेमकं कोणतं?

"मला हवामान बदलावर काम करायचं आहे. काय शिकू?" असं विचारणारी मुलंमुली मनापासून विचारत असतात. त्यांना मिळणारं उत्तर मात्र बहुतेक वेळा तोकडं असतं. पर्यावरणशास्त्र घे, नाहीतर सौर ऊर्जेचा एखादा कोर्स कर, एवढं सांगून मोठी माणसं मोकळी होतात.

हाच प्रश्न जरा दुसरीकडे लावून बघा. कोणी म्हणालं, "मला घरं बांधायच्या कामात शिरायचंय, काय शिकू?" तर आपण लगेच उलट विचारू: गवंडीकाम की वायरिंग? नकाशे काढायचेत, मातीची ताकद तपासायचीय, कर्जाचा हिशेब बघायचाय, की जमिनीचे कागद? घर एकच, पण ते उभं करणारे हात निरनिराळे. हवामानाचंही तसंच आहे. 'हवामान बदलावरचा उपाय' नावाचा स्वतंत्र धंदा जगात कुठेच नाही. वीज, सिमेंट, शेती, वाहतूक, विमा, कायदा अशा जुन्याच कामांमध्ये गाठी पडल्या आहेत आणि प्रत्येक गाठ सोडवायला वेगळी बोटं लागतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की विद्यार्थ्याने आधी पदवी शोधू नये, गाठ शोधावी. कोणतं काम कुठे अडलंय आणि का अडलंय हे एकदा नीट कळलं, की काय शिकायचं ते बरंचसं आपोआप समजतं. शिक्षकांनी आणि पालकांनी मदत करायची ती या शोधात.

गाठी कुठे आहेत

सुरुवात एका आकड्यापासून करू. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या हिशेबानुसार २०१९ साली माणसाच्या उद्योगांमुळे सुमारे ५९ अब्ज टन हरितगृह वायू हवेत गेले. यात मिथेन वगैरे इतर वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून धरले आहेत. त्यातले सुमारे ३४ टक्के वीज आणि इंधन तयार करण्यातून, २४ टक्के कारखान्यांतून, २२ टक्के शेती आणि जंगलतोड यांतून, १५ टक्के वाहतुकीतून आणि ६ टक्के थेट इमारतींमधून आले.

हे आकडे वर्गात मांडायच्या आधी मुलांना अंदाज करायला सांगावं. बहुतेकांच्या डोक्यात पहिली येते ती गाडी, कारण धूर डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात कारखाने वाहतुकीच्या पुढे आहेत आणि शेती-जंगलही पुढेच आहेत. म्हणजे तरुण डोकी जिथे सर्वांत कमी बघतात, तिथेच काम जास्त पडलंय. करिअरचा विचार करणाऱ्याला याहून उपयोगी माहिती क्वचितच मिळते.

आता यातली एकच गाठ उलगडून पाहू: सिमेंट. सिमेंट करण्यासाठी चुनखडी प्रचंड तापवतात. शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू इंधनाचा नाही, खुद्द दगडातला आहे. भट्टी उद्या पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच. सिमेंट उद्योगातलं निम्म्याहून अधिक उत्सर्जन असं दगडातूनच येतं. म्हणून या गाठीवर 'स्वच्छ वीज वापरा' हे उत्तर अपुरं पडतं. इथे लागतो तो रसायनतज्ज्ञ, जो चुनखडीचं प्रमाण कमी करून तिच्या जागी भाजलेली चिकणमाती किंवा पोलाद कारखान्यातल्या भट्टीतली मळी (स्लॅग) वापरून बघेल. लागतो स्थापत्य अभियंता, जो तेवढ्याच मजबुतीची तुळई कमी काँक्रीटमध्ये बसवेल. शिवाय लागतो प्रमाणकं लिहिणाऱ्या समितीतला माणूस, कारण नवीन मिश्रण कितीही चांगलं असलं तरी बांधकामाच्या नियमांत ते बसत नसेल तर कोणताही ठेकेदार त्याला हात लावणार नाही. प्रमाणकं लिहिणं हे काम कोणत्याही मुलाच्या स्वप्नात येत नाही. तरी एका ओळीच्या दुरुस्तीने लाखो टनांचा फरक पडू शकतो.

पोलादाची गाठ वेगळी. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, वापरतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोकच्या जागी हायड्रोजन वापरला तर बाहेर पडते वाफ. स्वीडनमधल्या लुलेओ इथे २०२० पासून या पद्धतीचा प्रायोगिक कारखाना चालू झाला. प्रक्रिया जमते, हे दिसलं. अडतंय ते एवढा हायड्रोजन स्वच्छ विजेवर आणि परवडेल अशा खर्चात कसा करायचा यावर. म्हणजे पोलादाची गाठ सोडवणारी निम्मी माणसं विजेच्या क्षेत्रातून येणार.

पाना धरून काळे झालेले हात

या विषयावर बोलताना आपण शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांपाशीच थांबतो. ही मोठी चूक आहे, असं मला कळकळीने वाटतं. एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचंच उदाहरण घ्या.

थंडावा देणाऱ्या यंत्रात एक वायू फिरत असतो. अनेक एसींमध्ये वापरला जाणारा आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे त्यातला एक किलो वायू हवेत सुटला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. हे समजायला पेट्रोलशी तुलना करू. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेव्हा एक किलो गळती म्हणजे जवळपास ९०० लिटर पेट्रोल जाळणं.

आता कारागिरासमोर दोन वाटा असतात. जुना वायू नळी उघडून हवेत सोडून द्यायचा आणि नवा भरायचा, हे दहा मिनिटांचं काम. किंवा रिकव्हरी मशीन लावून जुना वायू टाकीत ओढून घ्यायचा, लिकेज शोधायचं, जोड नीट डाग देऊन बंद करायचा, व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवायचा आणि मगच वजन करून भरायचा. दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, साधनं लागतात आणि हाताला शिस्त लागते. कोणी बघत नसताना तो कोणती वाट निवडतो, यावर काही टन ठरतात.

रवांडातल्या किगाली इथे २०१६ साली जगातल्या देशांनी असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. त्यांच्या जागी येणाऱ्या वायूंपैकी प्रोपेनचा हवामानावरचा परिणाम नगण्य आहे, पण तो पेट घेतो. म्हणून नीट शिकलेल्या कारागिरांखेरीज हा बदल सुरक्षितपणे होऊच शकत नाही. करार राजनैतिक अधिकारी करतात, पण तो अमलात येतो पान्याने. हुशार मुलाने हातकाम शिकायचं ठरवलं तर घरच्यांनी तोंड पाडू नये, हे या क्षेत्रात तर दुप्पट खरं आहे. इमारतींचं उष्णतारोधन करणारे, उष्मापंप (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारी यंत्रं) बसवणारे, उच्चदाबाच्या वाहिन्या ओढणारे, पवनचक्कीवर चढून पात्याची भेग भरणारे, या सगळ्यांवाचून कागदावरची कोणतीही योजना जमिनीवर उतरत नाही.

वाणिज्य शाखेच्या मुलासाठी एक गणित

"माझं विज्ञान कच्चं आहे, मग मी इथे काय करणार?" असं म्हणणाऱ्या मुलाला हे गणित करायला द्यावं.

कोळशाच्या वीज केंद्रात उभारणीचा खर्च असतो आणि मग वर्षानुवर्षं इंधनाचा खर्च चालू राहतो. सौर किंवा पवन प्रकल्पात इंधन फुकट, पण जवळपास सगळा पैसा सुरुवातीलाच घालावा लागतो. तो कर्जाने येतो. समजा प्रकल्पाला १०० रुपये लागले आणि ते २० वर्षांत सारख्या वार्षिक हप्त्यांत फेडायचे आहेत. व्याज ४ टक्के असेल तर हप्ता येतो सुमारे ७ रुपये ३६ पैसे. व्याज १२ टक्के असेल तर हप्ता जातो सुमारे १३ रुपये ३९ पैशांवर. सूर्य तोच, पॅनेल तेच, अभियंता तोच, आणि वीज मात्र जवळजवळ दुपटीने महाग. गरीब देशांमध्ये सूर्य भरपूर असूनही सौर वीज मागे राहते, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. तिथे प्रकल्प धोक्याचा समजून सावकार चढं व्याज लावतो.

ही गाठ प्रयोगशाळेत सुटत नाही. कर्जाचा धोका नीट मोजणारा, हमी देणाऱ्या संस्था उभ्या करणारा, वीजखरेदीचा करार असा लिहिणारा की बँकेला झोप लागेल, असा माणूस ती सोडवतो. विम्याचं गणित करणाऱ्यांचंही तेच. पुराचा धोका मागच्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून मोजायचा ही त्यांची जुनी रीत होती. पुढची पन्नास वर्षं मागच्यासारखी नसतील तेव्हा काय धरायचं, हा आज त्यांच्या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

माणसं हलत का नाहीत

आतापर्यंत उत्सर्जन घटवण्याबद्दल बोललो. पण जेवढी तापमानवाढ होऊन गेली आहे तिच्याशी जुळवून घेणं, हे तितकंच मोठं कामाचं क्षेत्र आहे. इथे मला बंगालच्या उपसागराचं उदाहरण द्यायचंय, कारण एवढं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये आताच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. २००७ साली त्याच किनाऱ्यावर 'सिद्र' हे अतितीव्र चक्रीवादळ आलं. त्यात सुमारे साडेतीन हजार माणसं दगावली. हा आकडाही वेदनादायकच आहे, पण तीन लाख आणि साडेतीन हजार यांच्यामधलं अंतर कोणी भरून काढलं? वादळाचा मार्ग सांगणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांनी काढलं, हे खरंच. पण इशारा रेडिओवरून आला तरी तो दारापर्यंत पोहोचवायला कर्णे आणि झेंडे घेऊन फिरणारे हजारो स्वयंसेवक लागले. त्यांची संघटना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बांधली गेली. खांबांवर उभे असलेले काँक्रीटचे निवारे लागले.

आणि तरीही मध्ये, १९९१ च्या वादळात, सव्वा लाखाहून अधिक लोक गेले. त्यात बायका पुरुषांपेक्षा खूप जास्त होत्या. इशारा पोहोचला होता, तरी पुष्कळ जणी हलल्या नाहीत. निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, स्वच्छतागृह नव्हतं. लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना सोडून निघणं शक्य नव्हतं, काहींना घरच्या पुरुषाच्या परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. गाईगुरं म्हणजे कुटुंबाची सगळी पुंजी. ती सोडून जायला मन धजत नव्हतं. हे सगळं ज्यांनी घरोघर जाऊन, बसून, ऐकून घेतलं, त्यांच्यामुळे नंतरच्या निवाऱ्यांत बायकांसाठी खोल्या आल्या, जनावरांसाठी उंच जागा आल्या, स्वयंसेवकांत बायकांची संख्या वाढवली गेली.

समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हे सांगायला हवं. वादळाचा वेग उपग्रह मोजतो. माणूस उंबरठ्यावर का थांबला, हे माणसालाच विचारावं लागतं, आणि ते विचारायलाही शिक्षण लागतं. वास्तुरचनाकाराला, परिचारिकेला, स्थानिक भाषेत रेडिओवर बोलणाऱ्याला, नगररचना करणाऱ्याला, सगळ्यांना या कामात जागा आहे.

कायद्याचे विद्यार्थी कुठवर जाऊ शकतात याची तर ताजी गोष्ट आहे. २०१९ साली प्रशांत महासागरातल्या वानुआतु बेटांवर, दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या आवारात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, की हवामानाबद्दल राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. त्यांनी आपापल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतु सरकारने विषय उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न एकमताने न्यायालयाकडे पाठवला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगमधल्या न्यायालयाने आपलं मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि ते न केल्यास त्याचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात. हे मत सल्लावजा आहे, पण जगभरच्या न्यायालयांत ते आधार म्हणून घेता येतं. वर्गातल्या चर्चेपासून हेगपर्यंत सहा वर्षं लागली. त्या काळात विद्यार्थ्यांनी केलेलं काम म्हणजे मसुदे लिहिणं, पत्रव्यवहार, पाठपुरावा आणि पुन्हा पाठपुरावा.

मग शिकायचं काय

आधी एक कसब खोलवर. वेल्डिंग असो, संख्याशास्त्र असो, मृदाशास्त्र असो की करारलेखन, एका गोष्टीत हात इतका बसलेला हवा की लोकांनी त्यासाठी बोलवावं. सगळ्याचं थोडंथोडं शिकवणारे 'हवामान' नावाचे अभ्यासक्रम आता पुष्कळ निघाले आहेत. जोडीला ठीक, पण नुसतं तेवढंच केलेल्या विद्यार्थ्याला मी सावध करीन. कामाच्या जागी त्याला विषयाबद्दल बोलता येतं, पण तिथलं काम हातात घेता येत नाही.

त्या कसबाच्या जोडीला लागते ती संख्यांची जाण. पदवीधरांचीही इथे गडबड होते. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला फरक कितींना नेमका सांगता येतो? किलोवॅट म्हणजे नळातून पाणी किती जोरात पडतंय ते, आणि किलोवॅट-तास, ज्याला आपण युनिट म्हणतो, म्हणजे बादलीत किती साठलं ते. १० वॅटचा दिवा १०० तास चालला की एक युनिट. एक किलोवॅटचं सौर पॅनेल दिवसाला २४ युनिट देत नाही. रात्र असते, ढग असतात, सूर्य तिरपा असतो. जागेप्रमाणे साधारण तीन ते पाच युनिट मिळतात. एवढं पक्कं असलं की वर्तमानपत्रातले निम्मे दावे स्वतःच तपासता येतात.

तसंच १२ आणि ४४. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटले की ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, मग त्यातून २.३ किलो वायू कसा निघतो, हे कोडं मुलांना घालावं. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, हे ज्या क्षणी उमगतं तेव्हा चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो बघण्यासारखा असतो. पेट्रोलपासून जंगलापर्यंत बहुतेक हिशेबांत हेच गुणोत्तर पुन्हा पुन्हा भेटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे एक धागा ओढला की दुसरीकडे काय हलतं, हे बघायची सवय. वीजजाळ्यात प्रत्येक क्षणाला जेवढी मागणी तेवढाच पुरवठा लागतो, नाहीतर त्याची वारंवारता ढळते. सौर वीज दुपारी भरपूर, संध्याकाळी सूर्य मावळतो त्याच वेळी घरोघर दिवे लागतात. म्हणजे नुसती पॅनेलं वाढवून भागत नाही. साठवण लागते, लांबच्या वाहिन्या लागतात, मागणी दुपारकडे सरकवावी लागते. भातशेतीचंही असंच. खाचरात पाणी सतत साचलेलं असलं की तळच्या चिखलातले जीवाणू मिथेन सोडतात. अधूनमधून शेत सुकू दिलं तर मिथेन बरंच घटतं. उपाय सोपा वाटतो. पण पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशीच घ्यावं लागत असेल, तर शेतकरी शेत सुकवायची जोखीम का घेईल? इथे गाठ शेतात नाही, पाणीवाटपाच्या वेळापत्रकात आहे.

आणि स्वतःच्या भाषेत समजावून सांगता येणं. इंग्रजी अहवाल वाचता यायलाच हवेत. पण ज्याच्या शेतातून वाहिनी जाणार आहे त्याच्याशी बोलताना अहवालाची भाषा चालत नाही. अनेक चांगले प्रकल्प तंत्रज्ञानाने नाही, तर गावाला विचारलंच नाही म्हणून रखडतात.

शिक्षकांसाठी थोडं

आठवड्याला 'पर्यावरणा'चा एक तास ठेवून हे साधत नाही. प्रत्येक विषयात ते जिथे नैसर्गिकपणे बसतं तिथे आणावं. चक्रवाढ व्याज शिकवताना वरचं सौर कर्जाचं गणित घ्यावं, मोल शिकवताना चुनखडी घ्यावी.

विज्ञानात युनिस फूट यांचा प्रयोग सांगावा. १८५६ साली या अमेरिकी बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले आणि आत तापमापक लावले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि निवायलाही जास्त वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असं त्यांनी लिहून ठेवलं. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी, वायू नेमकी अदृश्य उष्णताकिरणं शोषतात, हे मोजून दाखवलं. आजही शाळांत बाटल्या घेऊन असा प्रयोग करतात. करावा, पण प्रामाणिकपणे करावा. बाटलीतल्या तापमानातला फरक बराचसा त्या वायूच्या जडपणामुळे, तो आत कमी खेळल्यामुळेही पडतो. हे मुलांना सांगितलं तर प्रयोग फसत नाही, उलट खरा सुरू होतो. 'आपण जे दाखवलं ते खरंच सिद्ध झालं का?' हा प्रश्न या क्षेत्रात आयुष्यभर उपयोगी पडणार आहे.

प्रकल्प द्यायचा तर भित्तीचित्राऐवजी शाळेचा वीजमीटर द्यावा. शाळा बंद होताना आकडा लिहायचा, सकाळी उघडताना पुन्हा लिहायचा. समजा १३ तासांत २६ युनिट पडले. म्हणजे रिकाम्या इमारतीत रात्रभर दोन किलोवॅट वीज जळत होती. कुठे? मग मुलं शोधायला लागतात. पाण्याचं कूलर, संगणक कक्ष, विसरलेला पंप. कारण सापडलं की खरी परीक्षा सुरू होते: मुख्याध्यापकांना पटवायचं, शिपायांची अडचण ऐकायची, बदल करायचा आणि महिन्याने पुन्हा मोजायचं. व्यावसायिक ऊर्जा लेखापरीक्षक याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त त्यांची इमारत मोठी असते.

मुलांच्या हातून किती मोठं काम होऊ शकतं याचा अंदाज मोठ्यांना नसतो. डेन्मार्कमधल्या उल्फबोर्गजवळच्या ट्विंड शाळांमध्ये १९७५ ते १९७८ या काळात शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी मिळून एक पवनचक्की उभारली. ती त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी एक होती आणि पुढे कित्येक दशकं वीज देत राहिली.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. त्यातल्या ५९ टक्के जणांनी आपल्याला हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. वर्गात या विषयावर बोलताना समोर अशी मुलं बसलेली असतात. त्यांना 'सगळं ठीक होईल' असं खोटं सांगू नये आणि भीतीचा डोंगरही त्यांच्यावर लोटू नये. प्रत्येक टन मोजला जातो आणि तापमानाचा प्रत्येक दशांश अंश कोणाच्या तरी वाट्याला कमी-जास्त होतो, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. म्हणून इथे हरलो-जिंकलो अशी एकच रेषा नाही. मीटर वाचणारी, काही दुरुस्त करून बघितलेली मुलं या काळजीला जास्त चांगली तोंड देतात, असं मला वाटतं.

कामाची जागा ओळखताना

नोकरीच्या जाहिरातीत 'हवामान' हा शब्द बहुधा नसतो. पारेषण नियोजन, इमारतींची ऊर्जा तपासणी, जोखीम विश्लेषण, मलनिस्सारण आराखडा, पीक विमा, बॅटरी चाचणी अशा नावांनी ती कामं दडलेली असतात. काही कामं उलट दिशेने येतात. तेलाच्या विहिरी खणणाऱ्याला भूऔष्णिक ऊर्जेसाठी, म्हणजे जमिनीच्या पोटातली उष्णता वापरण्यासाठी, खोल खणता येतं. समुद्रातल्या तेलफलाटांवर काम केलेल्यांना समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम लवकर जमतं. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाला मात्र अशी सरळ वाट नेहमी सापडत नाही. नवीन काम बहुधा त्याच्या गावात येत नाही. त्याच्यासाठी वाट तयार करणं हेही एक पूर्ण वेळाचं काम आहे, आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

धोरणं बदलतात, अनुदानं आटतात आणि या क्षेत्रातल्या नोकऱ्या अचानक कमी होतात, असं अनेक देशांत घडलं आहे. कसब असं निवडावं की एका योजनेवर ते लटकलेलं नसेल. वीजतंत्रज्ञ सौर कंपनी बुडाली तरी उपाशी राहत नाही.

शेवटचं म्हणजे नुसता हिरवा रंग लावलेलं काम ओळखणं. मुलाखतीत उमेदवाराने एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्ही हे काम उद्या थांबवलंत तर किती टन जास्त सुटतील किंवा किती माणसं उघड्यावर पडतील, आणि तो आकडा कोणी, कशाशी तुलना करून काढला? काही जण या प्रश्नाने आखडतात, माहितीपत्रक पुढे करतात. काही जण मात्र खुर्ची पुढे ओढतात, कागद घेऊन हिशेब मांडतात आणि त्यातला कोणता अंदाज अजून कच्चा आहे तेही आपणहून दाखवतात. अशा माणसाकडे पगाराची बोलणी पुढे न्यायला हरकत नाही.